तीन टिंबं परत परत का बिघडतात, आणि ती ताळ्यावर कशी आणायची

दिवाळी अंकाचं काम उन्हाळा सरता सरता सुरू होतं. पहिली कथा उघडली की पहिल्याच पानावर टिंबं भेटतात. कुठे दोन, कुठे चार, एखाद्या भावुक प्रसंगाला सलग सात. मी मुद्रितशोधन करते आणि दरवर्षी ती निगुतीनं साफ करते. फाइल मांडणीला जाते, पहिलं प्रूफ परत येतं आणि त्यात टिंबं नव्यानं बिघडलेली असतात. काही ठिकाणी ती ओळीच्या मधोमध तरंगतात, काही ठिकाणी त्यांच्या जागी भलतंच अक्षर उमटलेलं असतं. बरीच वर्षं मला वाटायचं की माझीच नजर चुकली. मग लक्षात आलं की इथे दुखणी दोन आहेत. एक लिहिणाऱ्याच्या हाताचं, दुसरं यंत्राचं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आधी निदान.

निदानाची युक्ती साधी आहे. टिंबांच्या लगेच पुढे कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. एकच टिंब गेलं, तर ते सुटे पूर्णविराम आहेत. तिन्ही एकदम गेली, तर ते युनिकोडमधलं, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकाच्या सामायिक अक्षरसंचातलं, एकसंध चिन्ह आहे. दिसायला दोन्ही जवळपास सारखी, पण संगणकाच्या लेखी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणूनच सुटी टिंबं शोधली की एकसंध चिन्हं सापडत नाहीत आणि ‘सगळं साफ केलं’ असं वाटूनही निम्मी तशीच राहतात. माझ्या हातून हे इतक्या वेळा झालंय की आता कुठलीही फाइल उघडली की ही बॅकस्पेसची चाचणी मी आधी करते.

यंत्राकडे नंतर येऊ. हाताचं दुखणं मोठं आहे.

शाळेच्या व्याकरणात या चिन्हाला लोपचिन्ह म्हणतात, आणि नावातच त्याचं काम सांगितलेलं आहे. काहीतरी होतं, ते इथे लोपलं. दुसऱ्याचा मजकूर देताना मधला भाग गाळला, बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्याच तोंडात विरून गेलं, किंवा शब्द सापडेना म्हणून तो मध्येच अडखळला, या तीन प्रसंगी ते हवं. बाकी ठिकाणी ते दुसऱ्या कुठल्यातरी चिन्हाच्या जागेवर बसलेलं असतं. मी दर टिंबांपाशी थांबून एकच प्रश्न विचारते: इथे काय राहिलं? उत्तर देता आलं तर टिंबं राहतात.

हे नमुन्यावर पाहू. हा परिच्छेद मी या लेखासाठी रचला आहे, पण असे परिच्छेद माझ्याकडे दर आठवड्याला येतात:

“सकाळी उठले... पाहते तर काय... अंगणात प्राजक्ताचा सडा... आई चुलीपाशी... आणि आजी... आजी कुठेच दिसेना...”

सहा ठिकाणी टिंबं. पहिल्या ठिकाणी काय राहिलं? काहीच नाही. ‘सकाळी उठले’ हे वाक्य तिथे संपलं, तिथे पूर्णविराम हवा. ‘पाहते तर काय’ याच्या पाठोपाठ लगेच उत्तर आलंय, म्हणून स्वल्पविराम पुरे. सड्यापाशी आनंद आहे, तिथे उद्गारचिन्ह शोभतं. चौथं ठिकाण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आई चुलीपाशी काय करत होती? बसली होती, भाकरी थापत होती, की डोळे पुसत होती? लिहिणारीनं ते ठरवलेलंच नाही आणि टिंबांनी क्रियापद झाकून टाकलंय. इथे चिन्ह बदलून भागत नाही, वाक्यच पुरं करायला हवं. पाचवी टिंबं मात्र खरी आहेत. ‘आणि आजी’ म्हणताना आवाज अडकतो, तो अडकलेला ऐकू यायला हवा. सहावी पुन्हा फुकट. ‘आजी कुठेच दिसेना’ हे वाक्य पूर्ण आहे, त्यातली भीती टिंबांनी पातळ होते.

“सकाळी उठले. पाहते तर काय, अंगणात प्राजक्ताचा सडा! आई चुलीपाशी भाकरी थापत होती. आणि आजी… आजी कुठेच दिसेना.”

सहांचं एक झालं आणि जे उरलं त्याला वजन आलं. सगळीकडे टिंबं असली की वाचणाऱ्याचा डोळा ती ओलांडायला शिकतो. मग जिथे खरंच थांबायचं असतं तिथेही तो थांबत नाही.

आता एक खास मराठी घोटाळा. आपण बोलताना स्वर लांबवतो. पोरगं अंगणातून हाक मारतं, बाजारात भाजीवाला ओरडतो, मैत्रीण ‘काय’ म्हणताना निम्मा मिनिट घेते. हे लिहायचं म्हणून ‘आई...’, ‘का...य?’, ‘अहो...’ असं लिहिलं जातं. पण यात काही लोपलेलं नाही, उलट वाढलंय. यासाठी आपल्याकडे अवग्रह आहे: ‘आईऽऽ’, ‘काऽऽय?’, ‘अहोऽऽ’. हे चिन्ह किती नेमकं काम करतं ते दोन ओळी शेजारी ठेवल्या की कळतं. ‘आई…’ म्हणजे मुलाला पुढचं बोलवेना. ‘आईऽऽ’ म्हणजे मूल दुसऱ्या खोलीतून हाका मारतंय. एक दबलेला आवाज, एक मोकळा. अवग्रह कीबोर्डवर पटकन सापडत नाही, हेच तो मागे पडण्याचं कारण असावं असं मला वाटतं. मोबाईलच्या वैयक्तिक शब्दकोशात तो एकदा चिकटवून ठेवा आणि त्याला एखादा छोटा शॉर्टकट द्या. दहा सेकंदांचं काम आहे, आणि कथेतल्या हाका जिवंत होतात.

संवादात दुसरी गल्लत अपसारणचिन्हाशी होते, म्हणजे आडव्या रेघेशी. माझा नियम असा, की बोलणारा आपणहून विरला तर टिंबं, दुसऱ्यानं तोडलं तर रेघ.

“मी तुला सांगायला आलो होतो की… जाऊ दे.”

“मी तुला सांगायला आलो होतो की—”
“नको सांगूस.”

पहिल्यात त्याचा धीर सुटला. दुसऱ्यात तिनं त्याला बोलू दिलं नाही. दोन्हीकडे टिंबं घातली तर भांडण आणि संकोच सारखेच दिसतात, आणि नाटकाच्या संहितेत तर नटाला कळतच नाही की पुढचं वाक्य कधी उचलायचं. जुन्या पाठ्यपुस्तकांत तुटलेल्या वाक्याची दोन्ही उदाहरणं रेघेनंच दाखवलेली आढळतील. तेही चूक नाही. पण एका कथेत एकच रीत हवी.

ही सगळी विरामचिन्हं आपल्याकडे फार जुनी नाहीत. पोथ्यांमध्ये दंडावर काम भागायचं. इंग्रजी वळणाची चिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालची. हिंदीनं वाक्याच्या शेवटी दंड ठेवला, आपण टिंब घेतलं. यातून एक अडचण आली जी हिंदीत तितकी जाणवत नाही: आपलं पूर्णविरामाचं टिंब आणि लोपचिन्हाची टिंबं एकाच आकाराची आहेत. म्हणून ‘तीन की चार?’ हा प्रश्न आपल्याला सतत पडतो.

उत्तर असं. वाक्य अर्धवट राहिलं असेल तर तीनच. ते संपलेलंच नाही, मग पूर्णविराम कशाचा? अवतरण देताना एक वाक्य पुरं झालं आणि त्यानंतरचा मजकूर गाळला, तर आधी त्या वाक्याचा पूर्णविराम, मग एक मोकळी जागा, मग तीन टिंबं. म्हणजे एकूण चार झाली, पण एका ओळीत चिकटलेली चार नव्हेत. प्रश्न विरला तर ‘तू आला नाहीस तर…?’ असं लिहा, पुढे आणखी टिंब नको. शेजारी शेजारी दोन टिंबांचं चिन्ह मराठीत नाहीच. ते फक्त घाईत उमटतं.

जागेचंही पाहून घ्या. वाक्य विरत असेल तर टिंबं आधीच्या शब्दाला चिकटून आणि त्यांच्यानंतर जागा. मजकूर गाळला असेल तर दोन्ही बाजूंना जागा, कारण तिथे टिंबं एखाद्या शब्दासारखी उभी असतात. ‘इत्यादी’ आणि ‘वगैरे’ यांच्यापुढे टिंबं घालू नका, त्या शब्दांनी ते काम केलेलं आहे.

गाळण्याचा विषय निघाला म्हणून एक ठोस उदाहरण. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या पानांवर संविधानाची उद्देशिका छापलेली असते, ती सगळ्यांच्या नजरेखालून गेलेली आहे. ती लांबलचक एका वाक्यात आहे. लेखात तिचं मुख्य विधान तेवढं द्यायचं असेल तर असं देता येतं:

“आम्ही, भारताचे लोक, … हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत.”

मधला न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता यांचा आणि तारखेचा भाग गेला आहे. तरी कर्ता तोच राहिला, कर्म तेच, क्रियापद तेच. जे उरलं ते व्याकरणानं जुळतं आणि मूळ विधानाशी इमान राखतं. गाळल्यावर उरलेलं वाक्य मोठ्यानं वाचून पाहायचं. कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे ओढत असेल तर कात्री चुकीच्या जागी लागली आहे.

याच टिंबांनी खोटंही बोलता येतं, आणि इथे मी अजिबात सवलत देत नाही. समजा, तपासणी अहवालात लिहिलंय, “शाळेची इमारत वापरण्यास योग्य आहे, मात्र पावसाळ्यापूर्वी छताची दुरुस्ती झाली तरच.” बातमीत आलं, “शाळेची इमारत वापरण्यास योग्य आहे…” टिंबं दिली आहेत, म्हणजे काही गाळल्याची कबुली आहे, असं कुणी म्हणेल. पण गाळलं ते अट. अट, नकार, ‘मात्र’, ‘तरच’, ‘वगळता’ हे शब्द टिंबांखाली कधीही जाता कामा नयेत. आणि मूळ लेखकाचीच टिंबं त्या उताऱ्यात असतील, तर आपली टिंबं चौकटी कंसात […] अशी द्या, म्हणजे कोणाची कुठली ते कळतं.

आता यंत्र.

वर्डमध्ये तीन पूर्णविराम टाइप केले की ते आपोआप एकसंध चिन्ह होतात. ही ऑटोकरेक्टची करामत आहे: फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेनं गेलात तर यादीत अगदी वरच्या बाजूला ती जोडी दिसेल. ही सोय स्वतः वाईट नाही. अडचण होते ती लेखक मोबाईलवर लिहितो, संपादक वर्डमध्ये आणि मांडणीकार तिसऱ्याच ठिकाणी, तेव्हा. एकाच कथेत दोन्ही जाती मिसळतात.

मिसळण सोडवायचा माझा क्रम असा आहे. आधी ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळी एकसंध चिन्हं सुट्या तीन टिंबांत बदलते. मग चार टिंबं शोधून त्यांच्या जागी तीन घालते, आणि बदलांची संख्या शून्य येईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा चालवते. सात असोत की अकरा, सगळी उतरत उतरत तिनावर येतात. मग शेवटी तीन सुट्या टिंबांचं एकसंध चिन्ह. उरलेली दोन-दोन टिंबं एकेक पाहून. हे करण्यापूर्वी अनुक्रमणिका आणि ‘गाळलेल्या जागा भरा’ वगैरे स्वाध्याय बाजूला काढून ठेवा, नाहीतर त्यांतल्या टिंबांच्या ओळीही आक्रसून तीन होतात. खरं तर अनुक्रमणिकेत प्रकरणाचं नाव आणि पानाचा आकडा यांच्यामध्ये हातानं टिंबं मारायचीच नसतात. टॅबच्या सेटिंगमध्ये लीडर म्हणून टिंबांचा पर्याय असतो, तो घेतला की आकडे एका रेषेत उभे राहतात आणि फॉन्ट बदलला तरी हलत नाहीत.

आणि ‘सगळे बदला’ ही कळ फक्त या आकाराच्या कामासाठी. कुठली टिंबं ठेवायची आणि कुठली काढायची हे ती ठरवू शकत नाही.

एकसंध चिन्ह मी का पसंत करते? ओळीच्या शेवटी ते तुटत नाही. काही जण टिंबांमध्ये मोकळ्या जागा सोडतात. तसं केलं तर दोन टिंबं या ओळीत आणि तिसरं पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असा प्रकार होतो. टाइप करायला विंडोजवरच्या वर्डमध्ये कंट्रोल, आल्ट आणि पूर्णविराम एकदम दाबा. मॅकवर इंग्रजी कीबोर्ड ठेवून ऑप्शन आणि अर्धविरामाची कळ.

टिंबांच्या जागी भलतं अक्षर येण्याचं कारण जुन्या फॉन्टमध्ये आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाई ज्या फॉन्टवर चालायची, आणि काही ठिकाणी अजून चालते, त्यांत इंग्रजी चिन्हांच्या खणांमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. विंडोजच्या जुन्या मांडणीत एकसंध टिंबांचा खण क्रमांक १३३. फॉन्ट बनवणाऱ्यानं त्या खणात एखादी मात्रा किंवा अर्धं अक्षर ठेवलं असेल, तर ऑटोकरेक्टनं चिन्ह घालताच तिथे तो तुकडा उमटतो. एका अंकात माझ्या हातून गेलेल्या प्रेमकथेत नायिकेच्या प्रत्येक अर्धवट वाक्याच्या शेवटी एक तुटकं जोडाक्षर छापून आलं होतं. लेखिकेचा फोन आला तेव्हा मला बोलायला शब्द सापडेना. तेव्हापासून माझा शिरस्ता असा, की मांडणी जुन्या फॉन्टमध्ये होणार असेल तर फाइल सुट्या टिंबांतच पाठवायची आणि ऑटोकरेक्टची ती जोडी मांडणीच्या संगणकावरही बंद करायला सांगायची. मजकूर युनिकोडमध्ये राहणार असेल तर एकसंध चिन्ह.

टिंबं ओळीच्या बुडाशी न बसता मधोमध तरंगत असतील, तर प्रोग्रामनं ती दुसऱ्याच फॉन्टमधून उचलली आहेत, बहुधा चिनी-जपानी फॉन्टमधून. त्या लिप्यांत ही टिंबं मधोमधच असतात. टिंबं निवडून त्यांना आपला देवनागरी फॉन्ट द्या. तरी खाली बसली नाहीत, तर त्या फॉन्टमध्ये हे चिन्हच नाही, मग सुटी टिंबं वापरा. आणि संकेतस्थळावर टिंबांच्या जागी तीन परकी चिन्हं दिसली, त्यांतलं मधलं युरोचं, तर मजकूर यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या रूढ पद्धतीत, साठवलेला आहे पण वाचला जातोय जुन्या विंडोज पद्धतीनं. यूटीएफ-८मध्ये हे एक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून उमटतात. मजकुराला हात लावू नका, पानाची एन्कोडिंग यूटीएफ-८ करा.

साध्या एसएमएसचा हिशोब ज्यांना ठेवावा लागतो त्यांच्यासाठी: इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, पण एकसंध टिंबं त्या ठरलेल्या अक्षरसंचात नाहीत, म्हणून एकदा घातली की मर्यादा ७० वर येते. मराठी संदेशाची मर्यादा मुळातच ७०. तिथे उलट एकसंध चिन्ह फायद्याचं, तीनऐवजी एकच अक्षर खर्च होतं.

राहिले मोबाईलवरचे निरोप. तिथे माझा निळा पेन चालत नाही आणि चालू नये. पण एक प्रसंग सांगते. आत्याचा निरोप आला: “बाबांना दवाखान्यात आणलंय... डॉक्टर बघतायत... तू ये सावकाश...” मी लोकलमध्ये उभी होते. त्या शेवटच्या तीन टिंबांत मी काय काय वाचलं ते लिहवत नाही. पोहोचले तेव्हा बाबा कॉटवर बसून चहा पीत होते, पाय मुरगळला होता. आत्याला विचारलं तर म्हणाली, “अगं, मी आपला श्वास घेतला तिथं.” तिच्या पिढीतले कितीतरी जण टिंबं अशीच लिहितात, पोस्टकार्डावर दोन वाक्यांच्या मध्ये मारायचे तशी. त्यांना काही लपवायचं नसतं. आत्याला मी व्याकरण शिकवलं नाही. एवढंच सांगितलं, की दवाखाना, पैसे आणि प्रवास या तीन गोष्टींच्या निरोपात शेवटी पूर्णविराम दे. आता ती देते. बाकी निरोपांत टिंबं असतात आणि मला ती तिच्या आवाजात ऐकू येतात.

लेखकांशी मात्र वाद होतात. ‘ही माझी शैली आहे’ असं ऐकावं लागतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. कवितेतल्या टिंबांना तर मी कवीला विचारल्याशिवाय हात लावत नाही. म्हणून परस्पर काहीच खोडायचं नाही असं मी ठरवलंय. समासात पेन्सिलीनं लिहिते: ‘इथे काय राहिलं?’ गेल्या खेपेला एका कथेत ओळ होती, “त्या रात्री विहिरीवर...” आणि प्रकरण तिथेच संपत होतं. मी समासात प्रश्न लिहून पाठवला. दोन दिवसांनी पान परत आलं. टिंबांवर लेखकानं स्वतः काट मारली होती आणि पुढे लिहिलं होतं, “त्या रात्री विहिरीवर कोणी गेलंच नाही.”